नको असलेली हालचाल आणि डोपामिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एकात हाताचा कंप आहे, एकात कवचबीजाची पूड आहे, एकात थांबत नसलेली जीभ आहे, एकात रात्रभर उघडला जाणारा रेडिओ आहे आणि एकात वर्गात ओरडा खाणारा नऊ वर्षांचा मुलगा आहे. तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी मेंदूतील ज्या जागेत त्यांची कारणे सापडतात ती जागा एकच आहे, म्हणून पहिल्या उत्तरात त्या जागेचे काम सविस्तर सांगितले आहे. पुढची उत्तरे वाचताना ते हाताशी असू द्यावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असताना थरथरतो, चालताना तो हात हलत नाही आणि सहीचे अक्षर बारीक होत चालले आहे. मेंदूतले डोपामिन कमी झाल्यामुळे हालचाल मंदावली आहे, असे डॉक्टर म्हणाले. हालचाल मंदावली असेल तर हात जास्त का हलतो? एकाच कमतरतेचे दोन उलटे परिणाम कसे होतात? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न फार नेमका आहे. पार्किन्सनच्या आजारात, म्हणजे कंपवातात, हालचाल कमी होणे आणि नको ती हालचाल सुरू होणे या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात शेजारी शेजारी दिसतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले नीट वर्णन केले, तेव्हा त्यांनीही कंप आणि स्नायूंची घटलेली ताकद एकत्रच नोंदवली होती.

आपला भाग उसाचा आहे, म्हणून रानात दारे धरण्याचे उदाहरण घेतो. पाटाचे पाणी सगळ्या सऱ्यांकडे धावत असते. दारे धरणारा माणूस एका सरीचे दार फोडतो, तिथे पाणी जाऊ देतो आणि बाकीची दारे मातीने बुजवून ठेवतो. मेंदूच्या तळाशी खोलवर असलेले बेसल गँग्लिया नावाचे चेतापेशींचे पुंज हेच काम करतात. या पुंजांतून बाहेर जाणारा संदेश मुळात ‘थांब’ असा असतो आणि आपण स्वस्थ बसलेले असतानाही तो थॅलॅमस या, हालचालीचे निरोप पुढे पाठवणाऱ्या मेंदूच्या भागाकडे अखंड जात राहतो. पाण्याचा पेला उचलायचा ठरला की पुंजांचा प्रवेशद्वाराकडील भाग, म्हणजे स्ट्रायटम, दोन वाटांनी काम करतो. सरळ वाटेने तो पेला उचलण्याच्या हालचालीपुरता ‘थांब’ हा संदेश गप्प करतो, आणि आडवाटेने त्याच वेळी नको असलेल्या इतर हालचालींवरचा ‘थांब’ अधिक पक्का करतो. आडवाट ही सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या, वाटाण्याहून फार मोठ्या नसलेल्या एका पुंजातून जाते.

डोपामिन, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन, या दोन्ही वाटांवर एकाच वेळी बोलते. सरळ वाटेच्या पेशींवर डी-१ जातीचे रिसेप्टर (हा निरोप स्वीकारणाऱ्या जागा) असतात, त्यांच्याद्वारे ते त्या वाटेला जोर देते. आडवाटेच्या पेशींवर डी-२ जातीचे असतात, त्यांच्याद्वारे ते तिचा जोर कमी करते. म्हणजे दोन्हीकडून एकच परिणाम होतो, हालचालीचे दार उघडणे सोपे जाते. हे डोपामिन मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातून येते. तिथल्या पेशी जसजशा नष्ट होतात, तसतशी सरळ वाट दुबळी आणि आडवाट बळकट होत जाते, आणि ‘थांब’ हा संदेश गरजेपेक्षा मोठा होतो. आपल्या वडिलांचा हात चालताना न हलणे, सही आक्रसत जाणे, खुर्चीतून उठायला वेळ लागणे हे त्याचेच परिणाम आहेत.

उलट बाजू पाहायची असेल तर सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये रक्तस्राव झालेला किंवा तिथली रक्तवाहिनी बंद पडलेला रुग्ण पाहावा. आडवाटच तुटल्यामुळे शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात आणि पाय अचानक, जोराने, गोफण फिरवल्यासारखा भिरकावला जाऊ लागतो. अशीच एका बाजूची वळवळ किंवा फेकाफेक रक्तातील साखर अतिशय वाढलेल्या वृद्ध मधुमेहींमध्येही दिसते, आणि साखर आटोक्यात आणल्यावर ती बहुधा ओसरते. म्हणून घरातील वृद्ध व्यक्तीचा हात असा अकस्मात उडू लागला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि आधी साखर तपासून घ्यावी.

आता कंपाविषयी. प्रामाणिकपणे सांगायचे तर वरच्या दोन वाटांच्या चित्रात कंप पूर्ण बसत नाही. विश्रांतीच्या स्थितीत सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणारा हा कंप, ज्यात अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखे एकमेकांवर फिरतात, तो बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूशी जोडलेले थॅलॅमसचे मंडळ (एकमेकींना जोडलेल्या चेतापेशींची साखळी) यांच्या एकत्रित लयीतून निर्माण होतो असे मानले जाते. पेशी एरवी आपापल्या वेळी संदेश पाठवतात; डोपामिन घटल्यावर त्यांचे गटच्या गट एका ठेक्यात संदेश पाठवू लागतात आणि तो ठेका हातापर्यंत पोहोचतो. याच कारणाने काही रुग्णांची मंद हालचाल गोळ्यांनी चांगली सुधारते, पण कंप तितका कमी होत नाही. तसे झाले तर औषध लागू पडले नाही असे समजून ते सोडू नये.

एक निरीक्षण घरीच करता येईल. वडिलांनी चहाचा कप उचलला की कंप थांबतो का, आणि कप ओठांशी धरून ठेवल्यावर पुन्हा सुरू होतो का, हे पाहून लिहून ठेवावे. कप उचलतानाच कंप वाढत असेल तर कारण वेगळे असू शकते आणि उपचारही वेगळे असतात.

प्रश्न : कवचबीजात डोपामिन असते असे कळले. कंपवातासाठी गोळ्यांऐवजी त्याची पूड घेतली तर चालेल का? ती नैसर्गिक असल्यामुळे तिचे दुष्परिणाम नसतील ना? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : कवचबीजात, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांत, लेव्होडोपा असतो; शरीर ज्यापासून डोपामिन बनवते ते हे पूर्वद्रव्य. बियांच्या वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के एवढे त्याचे प्रमाण असते आणि वाण व जमीन यांनुसार ते बदलते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली तो या बियांतून वेगळा काढला, तेव्हा पार्किन्सनच्या आजाराशी त्याचा काही संबंध आहे याची जगात कोणालाही कल्पना नव्हती.

तो संबंध कळण्याची कथा आणखी एका भारतीय वनस्पतीपाशी सुरू होते, आणि मला ती नेहमी सांगावीशी वाटते. सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचले, तेव्हा ते ससे कान पाडून जागच्या जागी निश्चल बसले. रिसर्पिनमुळे चेतापेशींतील डोपामिनचा साठा रिकामा झाला होता. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. हा प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता मोजून दाखवली, १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन रुग्ण चालते केले, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीर निश्चल करणारे द्रव्य आणि ते पुन्हा हालते करणारे द्रव्य, ही दोन्ही आपल्या रानात उगवणाऱ्या वनस्पतींत होती.

त्यामुळे कवचबीजाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण ती पूड गोळीच्या जागी घेऊ नये, याची कारणे साधी आहेत. मेंदूभोवतीचा अडसर ओलांडून डोपामिन स्वतः आत जाऊ शकत नाही, लेव्होडोपा जाऊ शकतो. मात्र त्यातला मोठा भाग वाटेतच, रक्तात आणि आतड्यात, डोपामिनमध्ये बदलतो आणि मळमळ व रक्तदाब उतरणे असे त्रास देतो. गोळीमध्ये हा बदल रोखण्यासाठी कार्बिडोपा मिसळलेला असतो, तो पुडीत नसतो. शिवाय एका चमच्यात आज किती लेव्होडोपा गेला आणि उद्या किती जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. मात्रा जास्त झाली की हातपाय व मान वळवळू लागतात, आणि ती वळवळ आजाराची समजून पूड आणखी वाढवली जाण्याचा धोका असतो. द्रव्य झाडातून आले की प्रयोगशाळेतून, याने रिसेप्टरला फरक पडत नाही. आपण ती आधीच घेत असाल तर डॉक्टरांना मात्रेसह अवश्य सांगावे, म्हणजे गोळीचा हिशेब चुकणार नाही. गोळी घेताना जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने आतड्यात आणि पुढे मेंदूच्या दाराशीही लेव्होडोपाशी स्पर्धा करतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गेले चार महिने त्यांचे तोंड सतत काहीतरी चघळल्यासारखे हलते, जीभ मधूनच बाहेर येते. त्यांना विचारले तर म्हणतात, मला कळतच नाही. लोकांना वाटते की त्या तंबाखू खातात, म्हणून त्यांनी देवळात जाणे सोडले. पित्ताच्या रोजच्या कॅप्सूलखेरीज त्यांना दुसरे औषध नाही. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : त्यांचे देवळात जाणे बंद झाले हे वाचून वाईट वाटले, कारण यात त्यांची काहीही चूक नाही. त्यांच्या तोंडाच्या या हालचालीचे बहुधा कारण आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. त्या कॅप्सूलची पट्टी हातात घ्या आणि चांदीच्या कागदावरची बारीक अक्षरे उजेडात वाचा. राबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल या आम्लावरच्या औषधाच्या नावापुढे ‘लेव्होसल्पिराइड’ असे लिहिलेले असेल, तर हे दुसरे औषध आम्लाचे नाही. पोट लवकर रिकामे व्हावे म्हणून ते घातलेले असते आणि ते डोपामिनचे डी-२ रिसेप्टर अडवते. पोटातले अडवते तसे मेंदूतलेही अडवते. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे आणि मानसिक आजारांवरची अनेक औषधे याच पद्धतीने काम करतात. चक्कर येण्यावर आपल्याकडे महिनोन्महिने दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांच्यामुळेही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात.

रिसेप्टर अडवल्यावर दोन प्रकारचे परिणाम होतात, आणि पहिल्या उत्तरातील आडवाट आठवल्यास दोन्ही समजतील. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत डोपामिनचे म्हणणे आडवाटेपर्यंत पोहोचत नाही, ‘थांब’ वाढतो आणि पार्किन्सनसारखीच मंद हालचाल व कंप दिसतो. फरक इतकाच की तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. पण रिसेप्टर दीर्घकाळ अडलेले राहिले की पेशी त्यांची संवेदनशीलता वाढवतात, आणि मग थोडेसे डोपामिनही त्यांना फार वाटू लागते. अशा वेळी आडवाट अतिशय दबते, बुजवलेली दारे फुटतात, आणि तोंड, ओठ, जीभ यांची हालचाल आपोआप सुरू होते. याला टार्डिव्ह डिस्किनेसिया म्हणतात. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. वृद्धांना, स्त्रियांना आणि मधुमेहींना याचा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ साली मेटोक्लोप्रमाइडच्या वेष्टनावर याचा ठळक इशारा छापायला लावला आणि ते १२ आठवड्यांहून अधिक काळ न घेण्यास सांगितले. आपल्याकडे मात्र पित्ताची कॅप्सूल दुकानातून पुन:पुन्हा आणली जाते आणि चिठ्ठीवर मुदत लिहिलेली नसते. याचा मला मनापासून राग येतो, कारण हा आजार टाळता येण्याजोगा आहे.

काय करावे? घरातील सगळ्या औषधांच्या पट्ट्या, संपलेल्याही, एका पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. अशी कॅप्सूल असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद करावी. बंद केल्यानंतर काही दिवस हालचाल वाढलेली दिसू शकते, त्यामुळे घाबरून ती पुन्हा सुरू करू नये. हेच औषध जर मानसिक आजारासाठी चालू असेल, तर मात्र ते स्वतःहून एक दिवसही बंद करू नये. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांसोबतच घ्यावा लागतो. कंपावर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी या विकारात उलट त्रास वाढवू शकते, तेव्हा शेजारच्या कोणाला ती लागू पडली म्हणून घेऊ नये. हालचाल टिकून राहिलीच तर टेट्राबेनाझिनसारखी औषधे आहेत. ती डोपामिनचा पेशींतला साठा हलका करतात, म्हणजे सर्पगंधेतील रिसर्पिन जे करत असे तेच, अधिक नेमकेपणाने.

प्रश्न : वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. अलीकडे ते रात्री उठून जुना रेडिओ उघडतात, स्क्रू मापाप्रमाणे लावतात, पुन्हा मिसळतात, पुन्हा लावतात. थांबवले तर चिडतात. हा वयाचा परिणाम आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हा औषधाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याला पंडिंग म्हणतात. बेसल गँग्लियामध्ये हातापायांचे मंडळ असते तसेच आवड, बक्षीस आणि सवय यांचेही मंडळ असते. पार्किन्सनमध्ये हातापायांच्या मंडळातले डोपामिन आधी आटते, दुसऱ्यातले बरेचसे शिल्लक असते. पहिल्याला पुरेल इतके औषध दिले की दुसऱ्याला ते जास्त होते. मग एखादी कृती, बहुधा माणसाच्या जुन्या कामधंद्याशी किंवा छंदाशी नाते असलेली, काही निष्पन्न न होता तासन्‌तास चालू राहते आणि त्या माणसाला तीत एक प्रकारचे समाधान वाटते. याच कारणाने काही रुग्ण जुगार, लॉटरी, बेसुमार खरेदी यांच्या नादी लागतात किंवा त्यांची कामेच्छा अनावर होते. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या पार्किन्सनवरच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे अधिक दिसते. घरचे लोक लाजेने हे सांगत नाहीत. आपण सांगावे. वडील ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त गोळ्या स्वतःहून घेत आहेत का, हे पट्टीतील रिकाम्या घरांवरून मोजावे आणि बँकेच्या पासबुकावरही नजर टाकावी. मात्रा कमी करण्याचे काम डॉक्टरांनीच हळूहळू करायचे असते, कारण ही औषधे एकदम थांबवल्यास शरीर ताठून जीवघेणा ताप येऊ शकतो.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा वर्षभरापासून डोळे मिचकावतो, मध्येच खांदा उडवतो आणि आता घसा खाकरल्यासारखा आवाज काढतो. डोळे तपासले, ते ठीक आहेत. शाळेत मुद्दाम करतो म्हणून ओरडा बसतो. रागावल्यावर तो थोडा वेळ थांबवूही शकतो, म्हणून आम्हालाही वाटते की ही वाईट सवय आहे. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : थोडा वेळ थांबवता येणे हेच या हालचालींचे लक्षण आहे. यांना टिक म्हणतात. मुलाला शांतपणे विचारा की खांदा उडण्याच्या आधी तिथे काही वाटते का. या वयाची अनेक मुले अगदी नीट सांगतात की तिथे खाज आल्यासारखे, ताणल्यासारखे वाटते आणि खांदा उडवला की बरे वाटते. शिंक दाबून धरता येते, पण दाबलेली शिंक विसरून गणित सोडवता येत नाही. शाळेत सहा तास टिक दाबून घरी आल्यावर त्या एकदम वाढतात, त्याचे कारण हेच आहे. घरात तो जास्त करतो म्हणजे घरच्यांना त्रास देण्यासाठी करतो, असे नाही.

इथेही तीच दारे आहेत. स्ट्रायटममधील पेशींचा एखादा लहान समूह नको त्या वेळी सक्रिय होतो, हालचालीचा एक तयार तुकडा सुटतो आणि डोपामिन त्या तुकड्याला अधिक घट्ट मुरवते. म्हणूनच डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी टिक कमी होतात. हालचालीच्या अनेक टिक आणि निदान एक आवाजाची टिक, एक वर्षाहून अधिक काळ, अठरा वर्षांच्या आत सुरू झालेली असेल तर त्याला तुरेत सिंड्रोम म्हणतात. पॅरिसचे जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली ९ रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. तोंडातून शिव्या निघणे हे त्याचे लक्षण लोकांना माहीत असते, पण ते फार थोड्या रुग्णांत दिसते. टिक बहुधा चार ते सहा वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असतात आणि वयात येताना बऱ्याच मुलांत उतरतात. आपला मुलगा चढणीवर आहे, तेव्हा पुढचे वर्ष-दोन वर्षे थोडे कठीण असू शकेल हे धरून चालावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. काही महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप आला असेल, आणि आता एकच ठरावीक हालचाल होण्याऐवजी हातपाय कसेही वळवळत असतील, हातातली वाटी पडत असेल, अक्षर एकाएकी बिघडले असेल, तर तो सिडनहॅम कोरिया असू शकतो. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये बेसल गँग्लियावर हल्ला करतात तेव्हा तो होतो. अशा मुलाला आपली बोटे घट्ट धरून ठेवायला सांगितले तर त्याची पकड म्हशीची धार काढल्यासारखी आवळते आणि सैल पडते, आणि बाहेर काढलेली जीभ त्याला स्थिर ठेवता येत नाही. त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो, म्हणून इको तपासणी आणि अनेक वर्षे नियमित पेनिसिलिन लागते. आपल्या पत्रातील वर्णन टिकचे आहे, तरी ही शंका दूर झालेली बरी.

उपचारांची सुरुवात औषधाने करण्याची गरज बहुधा नसते. टिक येण्याआधीची जाणीव ओळखायला शिकवून तिच्या जागी दुसरी, लोकांना न दिसणारी हालचाल करण्याचे प्रशिक्षण प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ देतात. खांदा उडणार असे वाटले की कोपर कमरेशी हलकेच दाबून मिनिटभर धरायचे, डोळे मिचकावावेसे वाटले की मुद्दाम सावकाश उघडझाप करायची, अशा त्या युक्त्या असतात. टिकमुळे मान दुखत असेल, लिहिता येत नसेल किंवा मूल शाळेला जायला नकार देत असेल, तर क्लोनिडिनसारखी औषधे आहेत. टिकबरोबर चंचलता किंवा तेच ते करण्याची सक्ती असेल, तर मुलाला अनेकदा त्याचाच त्रास जास्त होतो आणि उपचार आधी त्यावर करावे लागतात.

शाळेतील बाईंना भेटून एवढे सांगावे : हा आजार मेंदूच्या हालचालीच्या मंडळाचा आहे, टोकल्याने तो वाढतो, वर्गात त्याकडे लक्ष देऊ नये, दर तासाला पाणी पिण्याच्या निमित्ताने मुलाला दोन मिनिटे बाहेर जाऊ द्यावे, आणि परीक्षेत त्याला शेवटच्या बाकावर बसवावे, म्हणजे पाठीमागून कोणी पाहत नाही हे त्याला माहीत राहील. तोंडी सांगणे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांकडून हेच मराठीत लिहून घेऊन ते पत्र मुख्याध्यापकांकडे द्यावे.